छेद आधी तपासा: आनुवंशिक मेंदूविकारांचे बायोमार्कर लघवीत कसे शोधावेत

२०११ च्या पावसाळ्यात दोन दिवस माझी खात्री होती की मला बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारा रेणू, सापडलाय. मेंदूतलं पांढरं द्रव्य झिजत जाणाऱ्या आजाराची नऊ मुलं आमच्याकडे होती. त्यांच्या लघवीत एक रेणू निरोगी मुलांच्या साडेतीन पट भरत होता. तिसऱ्या दिवशी मी यादी आणखी खाली वाचली. तिथे दुसरे अकरा रेणूही तीन-साडेतीन पटच होते, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. तेव्हा लक्षात आलं की भागाकारातला वरचा आकडा वाढलेलाच नाही. खालचा, म्हणजे छेद, घटला होता.

लघवी कधी दाट असते, कधी पातळ. म्हणून प्रत्येक रेणूचं प्रमाण आपण क्रिएटिनिनने भागतो. सगळ्या प्रयोगशाळांत तसंच करतात आणि विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच ते शिकतात. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. स्नायूंतल्या क्रिएटिनपैकी साधारण एक-दोन टक्के भागाचं रोज क्रिएटिनिन होतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या मांड्या काडीसारख्या झालेल्या असतात. त्याच्या लघवीत क्रिएटिनिन येणार कुठून? समजा दोन मुलांच्या लघवीत एखाद्या रेणूची तीव्रता अगदी सारखी आहे. निरोगी मुलाचं क्रिएटिनिन ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे आणि आजारी मुलाचं २०. भागाकार केला की आजारी मुलाचा आकडा थेट चौपट. म्हणजे आपण आजार मोजलाच नाही, मुलाचं अंथरूण मोजलं.

माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगते. या आजारांवरच्या लघवीच्या कामात मी पाहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी या छेदात होत्या. त्यामुळे यंत्राला (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखून मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला) हात लावण्यापूर्वी एक साधा आलेख काढा. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर क्रिएटिनिन. आजारी मुलं एका रंगात, निरोगी दुसऱ्या. दोन रंग वेगळे पडले तर क्रिएटिनिनवर भिस्त ठेवता येणार नाही.

मग करायचं काय? रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर लघवीची विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेत ती किती दाट आहे) घ्या. एक थेंब आणि अर्धा मिनिट पुरतं. सूत्र सोपं आहे: मोजलेला आकडा गुणिले ०.०२०, भागिले (विशिष्ट घनता वजा १). घनता १.०१० असेल तर आकडा दुप्पट होतो, १.०२० असेल तर आहे तसाच राहतो. लघवीत साखर किंवा प्रथिनं असली की हे मापही फसतं, म्हणून डिपस्टिक, म्हणजे रंग बदलणारी चाचणीची पट्टी, आधी बुडवा. ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) मोजण्याची सोय असेल तर फारच उत्तम. आणि रेणू चरबीच्या जातीचा असेल तर त्याच कुळातल्या, आजाराने न बदलणाऱ्या दुसऱ्या रेणूशी गुणोत्तर काढा. सल्फाटाइड या मेदासाठी स्फिंगोमायलिन हा दुसरा मेद वापरतात ते यासाठीच. मी आता प्रत्येक निकाल तिन्ही प्रकारांनी काढते. तिन्हींत टिकला तरच पुढे जाते.

मेंदूची खबर लघवीत येते कशी

हा प्रश्न विचारल्याशिवाय नमुने गोळा करायला निघू नका. याचं उत्तर प्रत्येक आजारात वेगळं आहे, आणि नमुना कसा घ्यायचा हे त्यावरच ठरतं.

कॅनाव्हान आजार घ्या. यात एएसपीए जनुकातल्या दोषामुळे अ‍ॅस्पार्टोअ‍ॅसिलेज हे एन्झाइम काम करत नाही. एन्झाइमची ही उणीव १९८८ मध्ये उमगली. मेंदूतल्या चेतापेशी एन-अ‍ॅसिटिल अ‍ॅस्पार्टिक आम्ल बनवतात. ते फोडायला कोणी नाही म्हटल्यावर ते साचतं. हा रेणू लहान आहे आणि पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे तो मेंदूतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. लघवीतलं प्रमाण इतकं वाढतं की सेंद्रिय आम्लांच्या नेहमीच्या जीसी-एमएस तपासणीत (रेणू वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात ती) आलेखावर त्याचं शिखर डोळ्यांत भरतं. ही खबर खरोखरच मेंदूतून आलेली असते.

मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी, म्हणजे एमएलडी, याच्या उलट आहे. त्यात एआरएसए जनुक बिघडलेलं असतं आणि सल्फाटाइड नावाचा मेद साचतो. मायलिनमध्ये, म्हणजे चेतातंतूंवरच्या आवरणात, सल्फाटाइड भरपूर असतं, म्हणून चालायला लागलेलं मूल पुन्हा अडखळायला लागतं. पण सल्फाटाइड पाण्यात विरघळत नाही. मेंदूतून निघून मूत्राशयापर्यंत येणं त्याला जमणारं नाही. लघवीत दिसतं ते मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशींचं स्वतःचं सल्फाटाइड. त्या पेशींतही तेच एन्झाइम नाही, तिथेही तोच साठा होतो, आणि पेशी झडल्या की तो साठा लघवीत उतरतो. जेम्स ऑस्टिन यांनी १९५७ मध्ये या आजाराचं निदान रुग्ण जिवंत असताना करण्याची रीत दाखवली, तीही लघवीच्या गाळातूनच. गाळातले कण रंगद्रव्य लावल्यावर स्वतःची वेगळीच छटा धरतात, आणि आजाराच्या नावातला ‘मेटाक्रोमॅटिक’ शब्द त्या गुणधर्मावरूनच आला आहे.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एमएलडीमध्ये लघवीतलं सल्फाटाइड आजार आहे की नाही हे चांगलं सांगतं. मेंदूची झीज किती झाली हे त्यावरून सांगू नका. आईवडील तोच प्रश्न विचारतात, आणि आकडा खाली आला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पण तो आकडा मूत्रपिंडाचा असतो. बीएमपी या लायसोसोममधल्या (पेशीतला कचरा फोडणाऱ्या पिशवीतल्या) मेदाचंही असंच आहे. पार्किन्सनशी जोडलेल्या एलआरआरके२ जनुकात जी२०१९एस बदल असलेल्या लोकांच्या लघवीत तो वाढलेला असतो, आणि त्या प्रथिनाला रोखणारी औषधं दिली की उतरतो. औषध लायसोसोमपर्यंत पोचलं हे त्यावरून कळतं. त्या माणसाचा पार्किन्सन थांबला का, ते कळत नाही.

तेव्हा कागदावर आधी हे लिहून काढा: कोणती पायरी अडली, तिच्या मागे काय साचणार, ते मूत्रपिंडाच्या पेशीतही साचतं का, पाण्यात विरघळतं का. पाण्यात विरघळणारं असेल तर सेंट्रिफ्यूज करून वरचं निवळ घ्या. मेद असेल तर गाळ हाच तुमचा ऐवज आहे, तो टाकू नका. आमच्याकडे एकदा जुन्या सवयीने सगळे नमुने फिरवून गाळ फेकून दिला गेला होता. सहा महिन्यांचं काम बेसिनमध्ये गेलं.

बॅटन आजाराच्या (मुलांच्या मेंदूच्या पेशींत साठा होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) शोधात हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रिअलच्या संशोधकांना या मुलांच्या लघवीच्या गाळात डोलिकॉल हा मेद वाढलेला दिसला. मोठी आशा निर्माण झाली. पुढे तेच डोलिकॉल इतर साठवण-आजारांतही वाढलेलं निघालं, वयानुसारही वाढतं असं दिसलं. १९८९ मध्ये कळलं की बॅटनच्या बऱ्याच प्रकारांत पेशीत साचतं ते मुख्यतः मायटोकाँड्रियातल्या एटीपी सिंथेजचं ‘सबयुनिट सी’ हे प्रथिन. बॅटनच्या एका प्रकारामागचं सीएलएन३ जनुक १९९५ मध्ये सापडलं, पण त्याचं प्रथिन करतं काय हे आणखी पंचवीसेक वर्षं नीट उमगलं नव्हतं. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की लायसोसोममधून ग्लिसेरोफॉस्फोडायएस्टर नावाचे रेणू बाहेर काढण्यासाठी ते लागतं. मग रक्तात हे रेणू शोधायला खरं कारण मिळालं आणि ते वाढलेले आढळलेही. मी यावरून पक्कं ठरवलं आहे की हजारो रेणूंची यादी काढून सगळ्यात उंच शिखर निवडण्यापेक्षा अडलेल्या पायरीपासून चालत निघावं. यादी काढू नये असं नाही. पण यादीतल्या रेणूला पायरीशी जोडता आलं नाही तर त्याच्यावर वर्षं घालवू नका.

नमुना

इथे मी सावकाश सांगणार आहे, कारण लेखांमध्ये हा भाग दोन ओळींत उरकतात.

फोनवर आईला ‘लघवीचा नमुना आणा’ एवढंच सांगितलं तर ती रात्रीच बाटलीत भरून ठेवते आणि साताऱ्याहून एसटीने घेऊन येते. दुपारी आपल्या हातात येतो तो नमुना कमी आणि जिवाणूंची शेती जास्त. म्हणून मी नमुना इथेच घेते. ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी जवळच्या लॅबशी बोलून तासाभरात गोठवण्याची सोय करते आणि ड्राय आइसमध्ये मागवते. सकाळची पहिली लघवी रात्रभर मूत्राशयात राहिलेली असते. माझी पसंती दुसऱ्या वेळच्या लघवीला. पण स्वतःहून सांगू न शकणाऱ्या मुलाच्या बाबतीत मिळेल ती घ्या आणि वेळ लिहा. वेळ लिहिणं मात्र कधीही सोडू नका.

डायपरमधला जेल-दाण्यांचा नमुना घेऊ नका. तो जेल पाणी धरून ठेवतो आणि त्याबरोबर कशाकशाला धरतो ते सांगता येत नाही. त्याऐवजी साधं सुती लंगोट बांधा, आत कापसाचे बोळे ठेवा आणि नंतर सिरिंजमध्ये घालून पिळा. मात्र रेणू मेद असेल तर तो कापसालाही चिकटतो, तेव्हा पिशवी चिकटवून थेट लघवी धरणंच बरं. कापूस वापरणार असाल तर निरोगी मुलांसाठीही तोच कापूस, तोच कारखाना. आणि कोऱ्या कापसातून शुद्ध पाणी पिळून तेही मोजा.

आता तेल. आपल्याकडे मुलाला रोज मालिश होते, बहुतेक घरांत खोबरेल तेलाने. अंग कडक झालेल्या मुलाला तर दिवसातून दोनदा, कारण आजीला तेवढंच करता येतं. ते तेल जांघेत उतरतं आणि तिथून नमुन्यात. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं आणि मेदांच्या तपासणीत ते सगळीकडे चमकतं. मालिश थांबवा म्हणू नका. आदल्या रात्रीपासून कमरेखाली तेल, पावडर, रॅशचं मलम लावू नका एवढं सांगा आणि नमुन्याआधी कोमट पाण्याने पुसून घ्या.

औषधांची चौकशी मी ‘औषधं कोणती चालू आहेत?’ अशी करत नाही. त्या प्रश्नाला फाइलमधली औषधं ऐकायला मिळतात. मी विचारते, “ताई, सकाळपासून रात्रीपर्यंत बाळाच्या तोंडात काय काय जातं?” मग गुटी निघते, काढा निघतो, कोणीतरी गावाहून आणलेली पुडी निघते. फाइलमधली औषधंही काही कमी गोंधळ घालत नाहीत. फिटच्या औषधांचंच घ्या. लेव्हेटिरासिटामचा सुमारे दोन तृतीयांश भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. व्हिगाबॅट्रिन चालू असेल तर अल्फा-अमिनोअ‍ॅडिपिक आम्ल वाढतं, आणि ते न कळल्यास मुलावर दुसऱ्याच आजाराचा शिक्का बसतो. व्हॅल्प्रोएटचे स्वतःचे अवशेष येतात. नळीतून दिल्या जाणाऱ्या आहारात एमसीटी (मध्यम साखळीच्या मेदांचं) तेल असेल तर डायकार्बोक्झिलिक आम्लं वाढतात. ही सगळी मुलं फिटच्या गोळ्यांवर असतात आणि निरोगी मुलं नसतात. त्यामुळे यंत्राला दोन गट अगदी स्वच्छ वेगळे दिसतात, औषधांमुळे.

यावर एकच खरा उपाय आहे: तिसरा गट. तीच औषधं घेणारी, तशीच झोपून असलेली, पण दुसऱ्याच कारणाने आजारी मुलं. सेरेब्रल पाल्सीची मुलं यासाठी मिळू शकतात. त्यांचे स्नायूही तसेच बारीक झालेले असतात, म्हणजे छेदाचा प्रश्नही इथेच उघडा पडतो. २०११ मध्ये आमच्याकडे हा गट असता तर ते दोन दिवस वाया गेले नसते. भावंडांचा गटही घ्या. घर एक, पाणी एक, जेवण एक. फक्त लक्षात ठेवा की अप्रभावी जनुकाच्या आजारात निरोगी भावंडांपैकी दोन तृतीयांश वाहक (बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेली) असतात, त्यामुळे त्यांचा आकडा थोडा मध्ये पडू शकतो.

एमआरआयच्या दिवशी नमुना घेण्याचा मोह टाळा. सगळे आयते आलेले असतात हे खरं. पण मूल उपाशी असतं, गुंगीचं औषध दिलेलं असतं आणि सलाइन चालू असतं. डिपस्टिकवर नायट्राइट किंवा पांढऱ्या पेशी दिसल्या तर नमुना बाजूला ठेवा, डॉक्टरांना लगेच कळवा आणि संसर्ग बरा झाल्यावर पुन्हा घ्या. मूत्राशय पूर्ण रिकामं न होणाऱ्या या मुलांमध्ये असे संसर्ग वारंवार होतात.

गोठवताना उणे ८० अंश. पुन्हा काढल्यावर तळाला पांढरट साका दिसेल. त्यात युरोमोड्युलिन असतं, लघवीतलं सगळ्यात मुबलक प्रथिन. ते इतरांना स्वतःत अडकवून ठेवतं. नळी ३७ अंशाला आणा, व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात ढवळा), आणि साका विरघळल्यावरच पिपेट घाला.

यंत्र

यावर पुष्कळ लिहिलेलं आहे, म्हणून थोडक्यात. प्रत्येक नमुन्यात समस्थानिक घातलेलं अंतर्गत प्रमाण (तुलनेसाठी ठरावीक मात्रेतला तोच रेणू, जड अणूंचा) सुरुवातीलाच टाका. सगळ्या नमुन्यांतला थोडा थोडा भाग एकत्र करून एक मिश्रण बनवा आणि दर दहा नमुन्यांनंतर ते चालवा. त्याचा आकडा सरकला तर यंत्र सरकलं. आजारी मुलं सोमवारी आणि निरोगी मंगळवारी असं कधीही करू नका. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सल्फाटाइडसाठी ऋण आयन पद्धत वापरा. तुटताना ते सल्फेटचा ९७ वस्तुमानाचा तुकडा सोडतं, आणि त्या तुकड्यावरून मागे जात सगळे सल्फाटाइड पकडता येतात.

आकड्यांपुढे थांबा

४,००० रेणू मोजले आणि पी-मूल्याला ०.०५ ची मर्यादा लावली तर काहीही फरक नसतानाही सुमारे २०० रेणू ‘वेगळे’ निघतील. असे खोटे फरक आवरणारी बेंजामिनी-हॉकबर्ग सुधारणा करा, हे तर झालंच. पण आपली खरी अडचण रुग्णांची संख्या आहे. आठ रुग्णांपैकी आठही चाचणीत पकडले गेले तर तोंडातून ‘शंभर टक्के’ निघतं. त्या आठांवरून खात्रीने सांगता येतं ते इतकंच की संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले जातात ते) ६३ टक्क्यांपेक्षा बहुधा जास्त आहे. आजार लाखात एकाला होत असेल आणि चाचणी हजारात फक्त एकदा चुकून होकार देत असेल, तर लाख नवजात बाळं तपासल्यावर एका खऱ्या रुग्णामागे शंभर घरांत विनाकारण रडारड होईल. म्हणून चाचणी कोणासाठी आहे हे आधी ठरवा. सगळ्या बाळांची चाळणी, की संशयित मुलाचं निदान पक्कं करणं?

दुसऱ्या कामासाठी एकट्या एमएलडीतही लघवीचं मोल मोठं आहे. रक्तातलं एआरएसए एन्झाइम कमी असलेली पण ठणठणीत माणसं समाजात बरीच आहेत. त्याला स्यूडोडेफिशियन्सी म्हणतात. त्यांच्या लघवीत सल्फाटाइड वाढलेलं नसतं. उलट सॅपोसिन-बी हे एन्झाइमला मदत करणारं प्रथिन नसलेल्या मुलात एन्झाइमचा आकडा छान येतो आणि मूल तरीही एमएलडीसारखंच खालावत जातं. त्याची लघवी खरं सांगते. २०२० मध्ये युरोपात आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत एमएलडीच्या जनुकोपचाराला मान्यता मिळाली. तो उपयोगी पडतो तो लक्षणं सुरू होण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला. म्हणजे मोठ्या मुलाचं निदान पक्कं झालं तर धाकट्याला वेळेत तपासता येतं. आपल्याकडे तो उपचार घरोघरी परवडणारा नाही, हे मला रोज दिसतं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली निवडक केंद्रांमधून ५० लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्या केंद्रांपैकी एक आहे. कुटुंबाला तिथला रस्ता दाखवणं हाही तुमच्या कामाचा भाग समजा.

संमतीपत्र मराठीत लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी अनुमती लागते. बोलता न येणाऱ्या मुलालाही मी नमुना घेण्याआधी सांगते काय करतेय ते. संमतीपत्रात एक रकाना नक्की ठेवा: नमुना पुढच्या संशोधनासाठी जपायचा का, आणि त्यातून कुटुंबाच्या उपयोगाचं काही निघालं तर कळवायचं का. कळवायचं असेल तर कोणाला.

त्यासाठी प्रत्येक नमुन्याच्या सहा नळ्या करा आणि चारच वापरा. दोन उघडू नका. एका मुलाची शेवटची नळी मी सात वर्षांनी उघडली. मूल केव्हाच गेलं होतं. एआरएसए एन्झाइम कमी आलं होतं, पण जनुक तपासणीत सापडलेला एक बदल ‘अर्थ अनिश्चित’ असा लिहिलेला होता, आणि आई पुन्हा गरोदर होती. त्या नळीतल्या लघवीत सल्फाटाइड कितीतरी पट जास्त निघालं, तिन्ही छेदांनी. त्या बदलाचा अर्थ अनिश्चित राहिला नाही आणि पोटातल्या बाळाची तपासणी करता आली.

लेबल अतिथंडीत टिकणाऱ्या क्रायो कागदाचं घ्या, साधं लेबल उणे ८० ला गळून पडतं. त्यावर सांकेतिक क्रमांक, तारीख, वेळ, पिशवी की कापूस, गाळासह की निवळ. आणि कितवी नळी, सहापैकी.